पाचवा अध्याय, सहावा अध्याय आणि सिल्लोड

ख्रिस्ती माणसाने असे जगावे की त्याच्याकडे पाहणाऱ्याला ख्रिस्त दिसावा, ही अपेक्षा ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. तिचे मूळ मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनात सापडते. पाचव्या अध्यायात येशू शिष्यांना मीठ म्हणतो, प्रकाश म्हणतो. दिवा लावून कोणी तो मापाखाली झाकत नाही, तेव्हा तुमचे चांगले वागणे लोकांच्या नजरेला पडू द्या, असे सांगतो. पान उलटले की सहावा अध्याय लागतो. तिथे तोच येशू त्याच बैठकीत त्याच श्रोत्यांना बजावतो की दानधर्म लोकांनी पाहावा म्हणून करू नका, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका आणि प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून घ्या. भाष्यकारांनी या दोन आज्ञांचा मेळ घातलेला आहे. पाचव्यात गौरव देवाचा आहे, सहाव्यात स्वतःचा, असे ते म्हणतात, आणि ते पटण्यासारखेही आहे. पण हे भाष्यकार तालुक्याच्या गावी राहिलेले दिसत नाहीत. तालुक्याच्या गावी दार लावले तर का लावले याची चर्चा होते आणि उघडे ठेवले तर का उघडे ठेवले याची.

सिल्लोड हे असे गाव आहे. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे निघालेला प्रवासी साधारण ६५ किलोमीटरवर इथे चहाला थांबतो आणि लेण्यांची चौकशी करतो. गावाला लेण्यांपेक्षा मक्याचा, कापसाचा आणि मिरचीचा भाव महत्त्वाचा वाटतो. त्यानंतरचा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे दुसऱ्याच्या घरी काय चालले आहे. इथे ख्रिस्ती घरे थोडी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभर माणसे उभी केली तर एक ख्रिस्ती पुरता भरत नाही, ०.९६ भरतो. त्यातलेही बरेचसे मुंबई, वसई, पुणे, नगर इकडे. त्यामुळे सिल्लोडसारख्या ठिकाणी जेरुसलेमपासून रोमपर्यंतचा दोन हजार वर्षांचा सगळा डोलारा एखाद्या नर्सबाईच्या, एखाद्या शिक्षकाच्या, एखाद्या पाळकसाहेबांच्या खांद्यावर येतो. त्यांची या कामी नेमणूक झालेली नसते, भत्ताही नसतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हा भेद गाव मानत नाही. पोप आजारी असल्याची बातमी आली की पिढ्यान्‌पिढ्या पोपला न मानणाऱ्या घरातल्या मास्तरांना चौकात गाठून विचारले जाते, “सर, तुमचे साहेब कसे आहेत आता?” मास्तरही सवयीने सांगतात, “आराम आहे.”

आपल्यातून ख्रिस्त दिसावा म्हणून असे कुटुंब धडपडते, तेव्हा गावाला प्रत्यक्षात दिसते ते वेगळेच. पहिल्यांदा दिसते इंग्रजी. ख्रिस्ती माणूस जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेला असो, त्याच्या आजोबांनी पेटी-टाळावर मराठी भजने म्हटलेली असोत, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचायला ती बाटली त्याच्याकडेच येते. दुसरा केक. मराठी ख्रिस्ती घरात नाताळला करंज्या असतात, चकल्या असतात, शेव-चिवडा असतो, म्हणजे दिवाळीचा फराळ दीड-दोन महिने उशिरा. पण शेजारी चकलीकडे पाहून म्हणतात, “ही तर आमच्याकडे पण असते, केक कुठाय?” मग ज्या बेकरीतून शेजाऱ्यांच्या बंटीच्या वाढदिवसाचा केक येतो, तिथूनच ख्रिस्ताच्या वाढदिवसाचाही मागवावा लागतो. तिसरी वेळ. ख्रिस्ती माणूस वेळेवर येतो, अशी एक ठाम समजूत आहे, आणि ती बहुधा गेलेल्या साहेबाकडून वारशाने मिळाली असावी. लग्नाच्या मुहूर्ताला अख्खे गाव तासभर उशिरा पोचते आणि ख्रिस्ती पाहुणा पंधरा मिनिटे उशिरा आला तर त्याच्या श्रद्धेविषयी शंका निघते.

बघ्यांचा हा अधिकार मुळापासूनचा आहे. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम अंत्युखियात पडले, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. आपसांत ते एकमेकांना बंधू म्हणत, शिष्य म्हणत. नाव ठेवले ते रस्त्यावरच्या लोकांनी, बहुधा टिंगलीनेच. धर्माचे नावच शेजाऱ्यांनी ठेवलेले असल्यावर वर्तणुकीचे प्रमाणपत्र शेजाऱ्यांनी द्यावे, यात नवल नाही.

सिल्लोड तालुक्याने असे प्रमाणपत्र एकदा दिलेले आहे, आणि ते कोणाला दिले हे पाहण्यासारखे आहे. अजिंठा गाव याच तालुक्यातले. ईस्ट इंडिया कंपनीने लेण्यांतील चित्रांच्या नकला करायला पाठवलेला रॉबर्ट गिल १८४४ पासून या परिसरात होता. त्याने वर्षानुवर्षे खपून चित्रे उतरवली. त्यांतली बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीत जळाली. तो पुन्हा कामाला लागला आणि १८७९ मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला आहे. पण तालुक्याच्या लक्षात राहिली ती पारो ही स्थानिक स्त्री, जिच्यावर त्याचे प्रेम होते. १८५६ मध्ये ती वारली आणि तिची कबर त्याने अजिंठ्यात बांधली. ना. धों. महानोरांनी यावर दीर्घकाव्य लिहिले, २०१२ मध्ये चित्रपट निघाला. गिलचे लग्न आधीच झालेले होते, त्यामुळे संडे स्कूलच्या धड्यात तो बसत नाही. तरीही या भागात जो ख्रिस्ती माणूस सर्वांत जास्त ओळखला जातो, त्याने इथे एकही प्रवचन दिलेले नाही. लोकांना त्याची श्रद्धा आठवत नाही, जीव लावणे आठवते. पाद्र्यांना हे अडचणीचे वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

आजूबाजूला पाद्रीही होते. तेव्हाच्या औरंगाबादेत पारशी घरातून ख्रिस्ती झालेले रतनजी नवरोजी चर्च मिशनरी सोसायटीचे काम कित्येक दशके करत होते. जालन्याला नारायण शेषाद्री होते. जन्माने ब्राह्मण, बाप्तिस्मा १८४३ चा, आणि त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून मुंबईत एवढे रण माजले की बाळशास्त्री जांभेकरांना त्याला परत जातीत घेण्यासाठी प्रायश्चित्ताचा पक्ष लढवावा लागला. पुढे नारायणरावांनी जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. गावाने पाहावे आणि समजावे, ही कल्पना तिथे पूर्ण वस्तीच्या आकारात मांडलेली होती. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले. तिथल्या श्रोत्यांनी भाषण ऐकले आणि पागोटे पाहिले. इकडे मराठवाड्यात ते साहेबाच्या धर्माचे दिसत, तिकडे साहेबाच्या देशात ते हिंदुस्थानचे दिसले. खरे ख्रिस्ती ते कुठे दिसले असतील तर मधल्या समुद्रात, आगबोटीवर.

या काळात एक शंका घट्ट रुजली आणि ती अजून निघालेली नाही. ख्रिस्ती माणसाच्या चांगुलपणामागे काहीतरी असते, ही ती शंका. दुष्काळात मिशनने धान्य दिले, दवाखाने काढले, शाळा काढल्या. काही लोक ख्रिस्ती झाले. आणि गणित मांडून मोकळे होणाऱ्यांनी ते मांडले. त्याचा परिणाम असा की आजही सिल्लोडमध्ये एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याने बाजारातून येताना दुसऱ्याच्या म्हातारीची पिशवी उचलली तर म्हातारी दुवा देते, पण तिचा मुलगा विचार करत बसतो की हा रविवारी बोलावणार का. पिशवी उचलणाऱ्यापुढे मग दोन मार्ग उरतात. पिशवी न उचलावी, तर ख्रिस्ती असून माणुसकी नाही. उचलावी, तर आमिष. काही अनुभवी मंडळी यावर तोडगा म्हणून पिशवी उचलतात आणि वाटभर राजकारणावर शिव्या घालतात, म्हणजे धर्मप्रसाराचा संशय येत नाही.

दाराचा प्रश्न महाराष्ट्रात एकदा खरोखरच उभा राहिला होता, तोही अक्षरशः. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. विधवांना शिकवायचे, धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतः १८८३ पासून ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. मुली येत, बसत, ऐकत. कोणी बोलावले नव्हते, कोणी अडवलेही नव्हते. पुण्यासारख्या शहरात एवढे पुरले. केसरीने आघाडी उघडली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी अंग काढून घेतले. रमाबाईंचे म्हणणे सरळ होते. मी माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना करते. ती लपवून का करू? विरोधकांचे म्हणणेही अगदीच बिनबुडाचे नव्हते. घर म्हणजेच शाळा आणि घरधनीण म्हणजेच शिक्षिका असेल, तर उघडे दार हाही धडाच होतो. मत्तयचा सहावा अध्याय या प्रकरणी विरोधकांच्या बाजूने साक्ष देतो आणि पाचवा रमाबाईंच्या, आणि पुण्याने दोन्ही न वाचता निकाल दिला. दाराला कडी घालून रमाबाईंना वाद टाळता आला असता. पण त्या कडी घालणाऱ्यांतल्या नव्हत्याच. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात ठेवल्या, तेव्हा तर दार पुरेनासे झाले.

याउलट, सगळे जमून आल्याचेही एक उदाहरण आहे, आणि त्यात मजा अशी की ज्याने ते जमवले त्याचे नाव कोणाला माहीत नाही. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा होता. त्या काळी गोरा डब्यात असला की बाकीच्यांनी कोपरे धरायचे, अशी रीत. हा गोरा मात्र आदराने बोलला, गप्पा रंगल्या, आणि उतरण्याआधी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत देऊन सांगितले की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे मुदत जवळजवळ तंतोतंत पाळली गेली. मराठी ख्रिस्ती समाजाचा सर्वांत मोठा कवी ज्या माणसाने मिळवून दिला, त्याने नाव-पत्ता मागे ठेवला नाही. हल्लीच्या एखाद्या प्रचारसंस्थेत तो असता तर अहवालात टिळकांची नोंद करता न आल्यामुळे त्याचे अनुदान थांबले असते.

टिळकांच्या स्वतःच्या साक्षीची परीक्षा मात्र फार कडक परीक्षकापुढे झाली. आगगाडीतल्या सहप्रवाशाला दोन-चार तास चांगले वागायचे असते. घरच्या माणसाला तुमचा मंगळवारही दिसतो. लक्ष्मीबाई टिळक अशा घरच्या परीक्षक होत्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या झाल्या नाहीत. पुढे त्याच्याकडे राहायला आल्या तेव्हाही सोवळे सांभाळून आल्या, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले, त्याची वेगळी सोय केली. कवी म्हणून टिळक जेवढे मोठे, तेवढेच संसारी म्हणून अवघड. हातात पैसा टिकत नसे, दारात आलेला विन्मुख जात नसे, आणि आलेल्याला घरात ठेवून घेण्याची हौस दांडगी. नवऱ्याच्या औदार्यातून ख्रिस्त दिसत असेलही. बायकोला आधी रिकामा डबा दिसतो. तरीही १९०० मध्ये, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. एका माणसाला रोज जवळून पाहून, त्याचा राग, त्याचा धांदरटपणा, त्याची उधळपट्टी जमेस धरून दिलेला हा निकाल आहे. आगगाडीतल्या दोन वर्षांच्या भाकितापेक्षा तो कितीतरी भारी. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांनी टिळकांचे गुण आणि घोटाळे एकाच ताटात वाढले. संतचरित्र लिहिणाऱ्यांना हे जमत नाही, म्हणून संतचरित्रे कोणी दोनदा वाचत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले आणि १९१९ मध्ये ते गेले तेव्हा पहिले काही अध्यायच झालेले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. औपचारिक शिक्षण नसलेल्या बाईने.

शब्दांवाचून साक्ष देण्याची कल्पना हल्ली संत फ्रान्सिसच्या नावावर खपवली जाते. प्रचार सतत करा, गरज पडली तरच बोला, अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणाला असे पोस्टरांवर छापतात. त्याच्या लेखनात ते कुठेही नाही, आणि तो तर मोठा बोलका प्रचारक होता, पाखरांनाही उपदेश केल्याची आख्यायिका आहे त्याच्यावर. अमेरिकेत हाच विचार मनगटावर आला. चार्ल्स शेल्डनने १८९६ च्या एका कादंबरीत पात्रांना प्रत्येक कृतीआधी, इथे येशू असता तर काय करता, हे विचारायला लावले. १९८९ मध्ये मिशिगन राज्यातल्या हॉलंड गावच्या एका चर्चच्या तरुण मंडळाने त्या प्रश्नाची आद्याक्षरे विणलेले पट्टे काढले आणि पुढे ते जगभर खपले. सिल्लोडच्या मनगटावर या पट्ट्याला जागा मिळणे कठीण. तिथे आधीच लाल दोरा आहे, तांब्याचे कडे आहे, मोबाइलशी जोडलेले घड्याळ आहे, आणि एखाद्याच्या हातावर बाबांच्या दर्ग्याचा ताईतही आहे.

इथे मनगटाऐवजी गाडीची मागची काच वापरतात. काचेवर क्रूस, खाली प्रभूच्या कृपेची ओळ. तेवढ्याने गाडी पवित्र होते, असे समजायला हरकत नव्हती, जर रस्ता छत्रपती संभाजीनगर–जळगावचा नसता. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम कित्येक वर्षे रखडले. त्या काळात इथून गेलेल्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपापल्या धर्माविरुद्ध काही ना काही उच्चारलेले आहे. क्रूसवाल्या गाडीचे असे की तिच्यामागे असलेला ट्रकवाला क्रूस वाचतो आणि पुढे धूळ खातो. गोळेगावच्या अलीकडे डाव्या बाजूने घुसून ओव्हरटेक करणारी गाडी पाहिली की त्याला प्रभूच्या कृपेचे प्रमाण कळते. म्हणून सूज्ञ ख्रिस्ती चालक स्टिकर लावायचा की मोकळेपणी गाडी चालवायची, यातले एक निवडतात. बहुतेक जण दुसरे.

खरी परीक्षा मात्र बाजारात होते, कारण तिथे गाव पैसे मोजून पाहते. मिरचीचे पोते वजनाला लागले की कडता, म्हणजे वजनातली कपात, किती धरायचा यावर शेतकरी आणि व्यापारी यांची झटापट ठरलेली. ख्रिस्ती व्यापाऱ्याकडून दोन अपेक्षा केल्या जातात. त्याने कडता धरू नये, आणि तरीही भाव इतरांइतकाच द्यावा. दिवा मापाखाली ठेवू नये हे धर्मग्रंथात आहे आणि मापात पाप नको हे गावाच्या तोंडात आहे. बाजारात दोन्ही मापे एकाच काट्यावर चढतात. त्याने प्रामाणिकपणे व्यवहार केला, तर शेतकरी त्याच्याकडे येतात, बाजूचे दुकानदार म्हणतात की धर्माच्या नावाखाली गिऱ्हाईक पळवतो. इतरांसारखाच केला, तर तेच दुकानदार म्हणतात, बघा, हे पण असलेच. त्याला बेइमानीची मुभा नाही, हा एक भाग. प्रामाणिकपणाचे श्रेयही मिळत नाही, हा दुसरा. उरला रविवार. रविवारी दुकान बंद ठेवणारा व्यापारी मात्र सगळ्यांना मनापासून आवडतो, विशेषतः शेजारच्या दुकानदाराला.

पाळकसाहेबांच्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांनी बाप्तिस्मा मागितलेला नसतो, तो लहानपणीच मिळालेला असतो, आणि त्याबरोबर गावाची नजरही. इतरांच्या मुलाने कैरी पाडली तर तो खोडकर. पाळकांच्या मुलाने पाडली तर, “पाळकसाहेब, रविवारी काय शिकवता तुम्ही?” ही मुले मोठी झाल्यावर दोनच दिशांना जातात. काही वडिलांच्या जागी येतात, काही पुण्या-मुंबईला, जिथे त्यांच्या कैऱ्यांकडे कोणी पाहत नाही.

गावाचा अंतिम अभिप्राय बदलीच्या दिवशी ऐकायला मिळतो. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंची बदली झाली की निरोपाचा कार्यक्रम होतो, शाल, श्रीफळ, फोटो. भाषणात वक्ते बाईंच्या सेवाभावाविषयी बोलतात, शिस्तीविषयी बोलतात, एक जण नाताळच्या केकचाही उल्लेख करतो. धर्माचे नाव कोणी काढत नाही. सभेत ते शोभत नाही असे सगळ्यांना वाटते. बाई गेल्यावर दुसऱ्या दिवशी नवी नर्स रुजू होते. लसीकरणाच्या रांगेत नातवाला काखेत धरलेली आजी तिला आपादमस्तक न्याहाळते, गळ्यात साखळी आहे का पाहते आणि विचारते, “बाई, तुम्ही पण तिच्याच देवाच्या का?” नवी नर्स सांगते, “नाही हो आजी, मी परभणीची.” आजी नातवाची बाही वर सरकवते आणि म्हणते, “असू दे. ती सुई हळू मारायची, एवढं सांगून ठेवते.”